आक्कांच्या घरचा साक्षीदार

मुलाणी साहेबांनी जीप रस्त्यावरच थांबवली. तिथून काजूच्या झाडांतून एक पायवाट खाली उतरत होती आणि तिच्या टोकाला कौलारू घर दिसत होतं. इंजिन बंद करून ते मागे वळले.

"इथं कुणाला काही विचारायचं नाही. घरातल्या बाईंचं नावसुद्धा नाही. त्यांना आक्का म्हणायचं. तुम्ही दोघं त्यांच्या बहिणीच्या गावचे, घर शाकारायला आलाय. गावाला एवढंच ठाऊक असेल."

"साहेब, दुसरा शिपाई कधी येणार?" मी विचारलं.

"शेळवणे, निवडणुकीचा बंदोबस्त लागलाय. तुम्हाला तुम्ही एकटेच."

माझ्या शेजारी सिद्राम बसला होता. सिद्राम कोळेकर, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. भीमेच्या पात्रात चोरून वाळू उपसणाऱ्या बापू रणवरेनं एका तरुण तलाठ्याला पहारीनं मारलं, ते या सिद्रामनं बघितलं होतं. बघणारे आणखी एक होते, काठावरच्या ढाब्याचे मालक. ते कोर्टात उभे राहिले आणि म्हणाले, मला काही दिसलं नाही. त्यांच्यावरही मीच पहाऱ्याला होतो. महिनोन्‌महिने त्यांच्या ढाब्याच्या मागच्या खोलीत झोपलो होतो, आणि साक्षीच्या दिवशी त्यांनी माझ्याकडे एकदाही न बघता सगळं नाकारलं. आता राहिला सिद्राम. त्याला दोन ठिकाणी लपवलं, दोन्ही ठिकाणं रणवरेच्या माणसांना कळली. एकदा तर पोलीस वसाहतीतच दगड आले. म्हणून साहेबांनी आम्हाला जिल्ह्याबाहेर, चंदगडच्या बाजूला आणलं होतं. आम्ही कुठं आहोत याची कागदोपत्री नोंदच नव्हती.

नोकरीची विशी उलटली होती माझी. कमरेचं दुखणं होतं. दुसऱ्याच्या जिवाची राखण करत दाराशी बसायचं काम मला नको झालं होतं, पण नको म्हणायची सोय नसते.

घराच्या पडवीत एक बाई काजूची बोंडं निवडत बसल्या होत्या. साठीच्या आसपासच्या, काटक, कपाळ मोकळं. त्यांनी साहेबांकडे बघून मान हलवली. मग सिद्रामकडे बघितलं. बघत राहिल्या. इतका वेळ, की तो अवघडून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागला.

"ह्योच न्हवं?" त्यांनी विचारलं.

"हाच," साहेब म्हणाले.

"बरं. हातपाय धुवा. मी वाढतो."

तिकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. सिद्रामला त्याचं हसू आलं. तो माझ्याकडे बघून गालात हसला, आणि मला आठवतं, त्या बाईंनी ते हसणं टिपलं आणि खाली मान घालून आत गेल्या.

तारीख पंधरवड्यावर होती. ती पुढे गेली. पुन्हा मिळाली, पुन्हा गेली. एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा रणवरेच्या वकिलांना ताप. दर वेळी मी एसटी स्टँडवरच्या फोनवरून साहेबांशी बोलायचो आणि दर वेळी ते म्हणायचे, "थांबा अजून." मोबाईलला तिथं रेंज नव्हती. मी पडवीत पोतं अंथरून बसायचो. मांडीशी कापडी पिशवी, पिशवीत पिस्तूल. समोर काजूची झाडं, बोंडांचा आंबूस वास, आणि दिवस संपता संपत नसे.

सिद्राम मात्र रमला. आधी तो घाबरलेला असायचा, भांडं पडलं तरी दचकायचा. मग त्यानं खरोखरच घर शाकारायला घेतलं. कौलं उतरवली, वासे झाडले, फुटकी कौलं बदलली. आक्का खालून सांगायच्या, "डावीकडचा कोना बघ, तिथनं गळतंय." तो वरून ओरडायचा, "बघितलं आक्का, तुम्ही सरका, डोक्यात पडंल."

जेवायला तिकडं भात. सकाळी पेज, दुपारी भात, संध्याकाळी भात. सिद्राम ज्वारीच्या मुलखातला. दोन-चार दिवसांनी तो ताटावर नुसता चिवडत बसायला लागला.

"का रं, ग्वाड लागंना?" आक्कांनी विचारलं.

"तसं न्हाई आक्का. भाकरीबिगर पोट भरल्यागत वाटत न्हाई."

त्यांनी नाचणीची भाकरी करून दिली. ती त्यानं खाल्ली, पण कशीबशी. त्या आठवड्यात आक्का बाजारच्या दिवशी गडहिंग्लजला गेल्या आणि पिशवीभर ज्वारी घेऊन आल्या. त्यांना ज्वारीची भाकरी धड थापता येत नव्हती. काठाला चिरा पडायच्या. सिद्राम चुलीशी बसून सांगायचा, "पाणी कडकडीत घ्या आक्का, माझी आई उकळतं घेती." त्या निमूट ऐकायच्या.

मला एक गोष्ट खटकायची. आक्का त्याच्याशी बोलायच्या, वाढायच्या, पण तो जेवत असताना त्याच्याकडे बघायच्या नाहीत. पाठ करून बसायच्या.

एके सकाळी मी दूध आणायला डेअरीवर गेलो. मापं घालणारा गडी बोलका होता. किटलीत दूध ओतता ओतता म्हणाला, "सुहासच्या आईकडं उतरलाय न्हवं तुम्ही? घर शाकारून झालं का?"

"कोण सुहास?"

"तलाठी न्हवता का? सोलापूरकडं मारलं त्याला वाळूवाल्यांनी. तुम्हाला म्हाईत न्हाई? बहिणीच्या गावचं म्हणताय आणि म्हाईत न्हाई?"

मी काहीतरी बोललो आणि किटली उचलली. घरापर्यंतच्या वाटेत दूध किती सांडलं ते मला कळलं नाही.

तलाठी सुहास गावडे. फायलीत ते नाव मी शंभरदा वाचलं होतं. आणि त्याच्या खुनाच्या वेळी हजर असलेल्या माणसाला मी त्याच्या आईच्या हातचं खाऊ घालत होतो.

सिद्राम कौलांवर होता. आक्का मागच्या दारी चुलीवर पाणी तापवत होत्या. मी किटली खाली ठेवली.

"आक्का, तुम्ही तलाठी साहेबांच्या आई?"

त्यांनी लाकूड आत सारलं. "कोण बोललं? डेअरीवरचा बाबू?"

"साहेबांनी तुम्हाला ही सक्ती केली?"

"सक्ती कशाला करतील? मीच म्हटलं. ते कोर्टाच्या आवारात मला सांगत होते, पोरगं एकच राहिलंय, ठेवू कुठं तेच कळंना. मी म्हटलं, माझ्याकडं ठेवा. तिथं कुणी शोधणार न्हाई."

"आणि त्याला हे माहीत नाही?"

"न्हाई. सांगू नका. कळलं तर इथं राहणार न्हाई तो."

माझ्या मनात काय आलं ते त्यांना दिसलं असावं, कारण त्या थकल्यासारख्या हसल्या.

"हवालदार, इख घालायचं असतं तर पहिल्या दिवशी घातलं असतं. त्यानं मारलं न्हाई. नुसता बघत बसला. बघत बसणाऱ्याला काय करायचं? आणि माझं पोर कसं गेलं ते सांगणारा त्याच्याबिगर दुसरा कोण हाय मला?"

"मग ज्वारी कशाला आणलीत?"

"खाल्लं न्हाई तर वाळंल. वाळलेला माणूस कोर्टात काय बोलणार?" थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आधी तेवढंच होतं. आता कुणाला ठाऊक. वर चढला की मी खाली उभा राहतो, पडंल म्हणून. माझी मलाच लाज वाटती."

त्या दिवसापासून मला त्या घरात बसवेना. मी साहेबांना फोन केला. ते फोनवरच चिडले. म्हणाले, "शेळवणे, दुसरी जागा असेल तर सांगा, आज हलवतो." जागा माझ्याकडे नव्हती.

एकदा बोंडं पिळता पिळता मी सिद्रामला सहज विचारल्यासारखं विचारलं, "नक्की काय झालं होतं रे त्या दिवशी?"

त्यानं जबाबात होतं तेच सांगितलं. तो काठावर ट्रॅक्टर बंद करून बसला होता. तलाठी मोटरसायकलवर आले. बापूंची आणि त्यांची बाचाबाची झाली. बापूंनी पहार घातली. "म्या लांब होतो मामा. म्या काय करणार?"

"काही बोलले का ते? तलाठी?"

"मला काय ऐकू आलं न्हाई," तो म्हणाला आणि हात धुवायला उठला.

तारीख पक्की झाल्याचं साहेबांनी कळवलं त्याच आठवड्यात ती माणसं आली. भर सकाळी. मी बनियन-लुंगीवर पडवीत बसलो होतो. पायवाटेनं तिघं उतरले. पुढचा पांढऱ्या शर्टातला, मध्यम वयाचा, हातात वजनकाटा. मागचे दोघं दांडगे.

"काजू घेतो आम्ही आजी. माल हाय का?"

त्याचं बोलणं ऐकलं आणि मी पिशवी जवळ ओढली. चंदगडच्या बाजारात सोलापूरकडच्या बोलीत काजू मागणारा व्यापारी मी तरी पाहिला नव्हता. सिद्राम मागच्या उतारावर बोंडं गोळा करायला गेला होता. काही गडबड ऐकू आली तर गवताच्या माचाखाली शिरायचं, असं मी त्याला पढवून ठेवलं होतं.

"माल न्हाई," आक्का म्हणाल्या. "कालच दिला."

"बघतो तर खरं," असं म्हणत त्यातला एक थेट बाजूनं मागच्या दाराकडे सुटला. मी पिशवी घेऊन उठलो आणि घरातून धावत जाऊन मागचं दार अडवलं. त्याच्या शर्टाआडून लोखंडी गज निघाला. पहिला घाव मी चुकवला, दुसरा उजव्या खांद्यावर बसला. आतून काहीतरी मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. हात लुळा पडला. पिशवीत डावा हात घालून मी पिस्तूल काढलं आणि त्याच्या तोंडासमोर धरलं. डाव्या हातानं मी आयुष्यात कधी गोळी झाडली नव्हती. पण ते त्याला माहीत नव्हतं.

"पोलीस आहे मी. टाक."

त्यानं गज टाकला नाही, पण तो मागे सरकत सरकत अंगणात गेला. मी त्याच्या मागोमाग. अंगणात पाहतो तर दुसऱ्यानं आक्कांना ढकललेलं, त्या ओट्याला धडकून खाली बसलेल्या, आणि पांढऱ्या शर्टवाला त्यांच्यासमोर वाकून विचारत होता, "म्हातारे, परक्याच्या पोरासाठी कशाला मरतीस? कुठं हाय सिद्राम? तुझा कोण लागतो तो?"

आक्का ओट्याला धरून उठल्या. पदर सावरला. त्यांचा आवाज चढला नाही.

"माझा कोण लागणार? मी भागीरथी शंकर गावडे. तुम्ही मारलासा त्या सुहास गावडेची आई. मला काय भ्या घालताय? राहिलंय काय माझ्याकडं?"

पांढऱ्या शर्टवाला सरळ झाला. त्यानं आक्कांकडे बघितलं, घराकडे बघितलं, कौलांना टेकलेल्या शिडीकडे बघितलं. मग माझ्याकडे, माझ्या हातातल्या पिस्तुलाकडे.

"तलाठ्याची आई?" त्यानं पुन्हा विचारलं.

"व्हय."

तो चक्क हसला. "चला रे," म्हणाला. आणि ते तिघं आले तसे पायवाटेनं वर निघून गेले. वर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. आमचा पत्ता त्यांना कुठून लागला, ते मला आजही ठाऊक नाही.

मी मटकन खाली बसलो. खांदा आग ओकत होता. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटत होतं. वाटलं, पिस्तुलाला घाबरले. इतक्या वर्षांच्या दाराशी बसण्यातून कधी नव्हे ते एक माणूस आपण वाचवला.

सिद्राम माचाखालून गवतानं माखलेला बाहेर आला. गडबड ऐकून तो लपला होता, पण कोण काय बोललं ते त्याला ऐकू आलं नव्हतं. आक्कांच्या कपाळाला खोक पडली होती. ती बघून तो रडायला लागला. "माझ्यापायी झालं हे आक्का. तुमचा-माझा काय संबंध, आन् तुमी..." त्यानं स्वतःच्या हातानं हळद दाबली. आक्का डोळे मिटून बसून राहिल्या.

त्याच दुपारी साहेब गाडी घेऊन आले. माझा हात गळ्यात बांधला गेला, सिद्रामला सरकारी विश्रामगृहात ठेवलं, आणि साक्षीच्या दिवशी आम्ही त्याला पोलीस गाडीतून कोर्टात आणलं. पायऱ्यांशी आक्का उभ्या होत्या. इरकली लुगडं, कपाळावर वाळलेली खपली. एसटीनं रातोरात प्रवास करून आल्या होत्या.

सिद्रामचा चेहरा उजळला. "आक्का, तुमी एवढ्या लांब आला? माझ्यासाठी?"

"ऐकायला आलो," आक्का म्हणाल्या. "नीट बोल."

त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या. रणवरे आरोपीच्या पिंजऱ्यात होता, इस्त्रीच्या कपड्यात, निवांत. सरकारी वकील बाईंनी सिद्रामला एकेक विचारलं आणि तो नीट बोलला. अडखळला नाही. ट्रॅक्टर, पात्र, मोटरसायकल, पहार. रणवरेकडे बोट करून म्हणाला, "ह्यांनीच." मला हायसं वाटलं. मुलाणी साहेबांनी माझ्या चांगल्या खांद्यावर थोपटलं.

मग रणवरेचे वकील उठले. सबनीस. त्यांनी पहारीबद्दल विचारलं नाही, नदीबद्दल विचारलं नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, "कोळेकर, आज इथं येण्याआधी तुम्ही कुठं राहत होता?"

सिद्रामनं माझ्याकडे बघितलं. "चंदगडकडं. एका बाईंकडं."

"जेवणखाण?"

"त्याच करायच्या."

"तुम्हाला भात चालत नाही म्हणून त्यांनी ज्वारी आणली, असं ऐकतो. खरं का?"

ज्वारीचं गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ती माणसं निघून गेली नव्हती. गावात हिंडून, विचारपूस करून, मग गेली होती. पांढऱ्या शर्टवाला का हसला, ते मला तेव्हा, त्या बाकावर कळलं. सिद्रामला मारायची आता गरजच उरली नव्हती.

"व्हय. आणली," सिद्राम म्हणाला.

"त्या बाई कोण?"

"आक्का."

"नाव?"

"म्हाईत न्हाई. आक्काच म्हणायचो."

"त्या आत्ता कोर्टात आहेत?"

"हायत की. त्या काय, मागं."

सबनीस न्यायाधीशांकडे वळले. "महाराज, या बाईंचं नाव भागीरथी शंकर गावडे. मयत तलाठी सुहास गावडे यांच्या सख्ख्या आई. साक्षीदाराला पोलिसांनी मयताच्या घरी ठेवलं, खाऊ-पिऊ घातलं, पढवलं आणि इथं आणून उभं केलं. ही साक्ष नव्हे, हे पाठांतर आहे."

कोर्टात कुजबुज झाली. साहेबांनी डोळ्यांवर हात घेतला. सरकारी वकील बाई उठून काही बोलू लागल्या, पण न्यायाधीशांनी हातानं थांबवलं. सगळे सिद्रामकडे बघत होते. सिद्राम आक्कांकडे बघत होता.

"खरं हाय?" त्यानं विचारलं. कोर्टात साक्षीदारानं असं प्रेक्षकाला विचारायचं नसतं, पण कुणी अडवलं नाही.

आक्कांनी मान हलवली.

"पहिल्यापास्नं म्हाईत होतं तुमाला? म्या कोण ते?"

त्यांनी पुन्हा मान हलवली.

सिद्रामनं कठड्याला दोन्ही हातांनी धरलं. सबनीस म्हणाले, "कोळेकर, तुम्हाला जे शिकवलं गेलं..."

"थांबा वकीलसाहेब. मला पुन्यांदा सांगायचंय. मगाशी म्या खोटं बोललो."

सबनीसांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "बोला, बोला. न घाबरता बोला."

"म्या काठावर नव्हतो. ट्रॅक्टर बंद नव्हता." तो न्यायाधीशांकडे बघून बोलत होता, पण आवाज मागच्या बाकापर्यंत जाईल असा होता. "बापूंनी एक घाव घातला, तो तलाठी साहेबांच्या हातावर बसला. ते पळाले. मोटरसायकलपर्यंत पोचले. चालू केली. सुटले असते ते. बापू वरडले, आडव त्याला. म्या ट्रॅक्टर आडवा घातला. वाट एकच होती वर चढायला."

"महाराज, माझी हरकत आहे..." सबनीस म्हणाले.

"तुम्हीच न घाबरता बोल म्हणालात," न्यायाधीश म्हणाले. मग सिद्रामला म्हणाले, "तुम्ही काय सांगताय ते तुम्हाला कळतंय ना? हे तुमच्यावरही येईल. सांगायलाच हवं असं नाही."

"कळतंय साहेब. लिव्हा. ते मला ओळखत होते. माझ्या आईच्या सातबाऱ्याचं काम त्यांनीच केलं होतं. ते म्हणाले, 'सिद्राम, बाजूला घे.' नावानं हाक मारली. दोनदा. म्या घेतला न्हाई. मग बापू मागनं आले."

पुढे सबनीसांनी बरंच विचारलं. कुणी शिकवलं, काय आमिष दाखवलं. पण त्यांच्या प्रश्नांत जोर नव्हता. स्वतःच्या गळ्यात दोर घालून घे, असं कोण कुणाला पढवणार? रणवरे पिंजऱ्यात खाली बसला होता.

कोर्ट उठल्यावर सिद्रामला साहेबांनी ताब्यात घेतलं. बेडी घालायचं काम माझ्याकडे आलं, पण माझा एक हात बांधलेला, म्हणून साहेबांनीच घातली. व्हरांड्यात आक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या. सिद्राम त्यांच्यासमोर थांबला. पायाशी वाकायला गेला, तशा त्या मागे सरकल्या.

"नको," म्हणाल्या. "हात लावू नको."

तो तसाच उभा राहिला. आक्का बराच वेळ त्याच्या हातातल्या बेडीकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "हाक मारली तवा... घाबरला होता?"

सिद्रामनं मान वर केली. "न्हाई आक्का. रागावले होते. बाजूला घे म्हणाले ते वरडून. साहेब कसं वरडतो, तसं."

आक्कांचा चेहरा हलला. इतक्या दिवसांत त्यांच्या डोळ्यांत पाणी मी बघितलं नव्हतं, ते तेव्हा आलं. "रागीट होताच तो," त्या म्हणाल्या. "बापावर गेला होता." आणि पदर तोंडाला लावून जिना उतरून गेल्या.

तुरुंगापर्यंतच्या वाटेत मी आणि सिद्राम गाडीत मागे समोरासमोर बसलो होतो. ऊन जाळीतून आत येत होतं. मी म्हणालो, "निदान तेवढं ऐकून म्हातारीला बरं वाटलं."

तो खिडकीबाहेर बघत होता.

"मामा, लई घाबरले होते ते," तो म्हणाला. "हात जोडले होते. आवाज फुटत नव्हता. दुसऱ्यांदा सिद्रामसुदिक धड म्हणता आलं न्हाई त्यांना."



रणवरेला जन्मठेप झाली. वरच्या कोर्टातही ती टिकली. सिद्रामवर वेगळा खटला चालला. त्यानं गुन्हा कबूल केला आणि त्याला सात वर्षं पडली. मुलाणी साहेबांची चौकशी लागली, साक्षीदाराला त्या घरी ठेवल्याबद्दल, आणि त्यांची एक वेतनवाढ गेली. माझा खांदा थंडीत अजून धरतो. त्यानंतर मी पहाऱ्याची ड्युटी घेतली नाही. पोलीस ठाण्यात वायरलेसवर बसून निवृत्त झालो.

निवृत्तीनंतर एकदा बेळगावला लग्नाला गेलो होतो, तेव्हा येता येता चंदगडला उतरलो. आक्का आता वाकल्या होत्या, पण मला लगेच ओळखलं. पडवीत आधीच दोन पाहुणे बसले होते. तालुक्याला नव्यानं लागलेले तलाठी, दोघंही कोवळे. त्यांतल्या एकाच्या भागात नदी होती. वाळूच्या गाड्या अडवायच्या की नाही, या विचारानं त्याला झोप लागत नव्हती, आणि कुणीतरी त्याला सांगितलं होतं, जाऊन आक्कांना भेट.

"आमचा सुहास शेवटपर्यंत घाबरला न्हाई," आक्का त्यांना सांगत होत्या. "तुला जमत नसंल तर बदली माग बाबा, आईला असं बसवू नको. पण तो घाबरला न्हाई. वरडला त्यांच्यावर. साक्षीदारानं मला सांगितलं तवा ह्ये हवालदार होते तिथं, त्यांच्या कानांनी ऐकलंय. इचार त्यांना."

तो मुलगा माझ्याकडे वळला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"खरंच का हो काका?" त्यानं विचारलं. "घाबरले नव्हते?"

मी आक्कांकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. रिकाम्या कपबशा एकात एक ठेवत होत्या, अगदी सावकाश, एकीचाही आवाज होऊ न देता.

"नाही," मी म्हणालो. "रागावले होते."